उभं असलेलं धरून

१

ऑफिसात मला सगळे ‘झाडलोट’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. ‘झाडलोट, चहा आलाय.’ ‘झाडलोटकडे द्या, तो बघेल.’ सतरा वर्षांत हे नाव इतकं अंगवळणी पडलंय की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर क्षणभर कळतच नाही कुणाला बोलावतायत ते.

माझं काम आकड्यांची झाडलोट करण्याचं. आमची संस्था बाराशे चाळीस घरांतल्या माणसांच्या फुप्फुसांवर लक्ष ठेवून आहे. दर तीन वर्षांनी एक फेरी होते. प्रत्येक फेरीत त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे, तोच फॉर्म भरायचा. फॉर्म भरून आणतात त्या फिरतीच्या बाई. मग तो गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. मी तो आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो आणि झाडू हातात घेतो. कुणाचं वय दोनशे बारा पडलेलं असतं. कुठे चार वर्षांचं पोर तीस वर्षांपासून सिगारेट ओढत असतं. एका आजोबांना तर चौथ्या फेरीत सहावा महिना लागला होता. असलं सगळं हुडकायचं, फॉर्म काढून ताडून बघायचं आणि नीट करायचं.

या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. त्यात प्रत्येक रकान्याला दोन नावं असतात. एक आखूड, व्ही-सात, व्ही-आठ असं, आणि एक लांबलचक, माणसाला कळेल असं. त्या लांब नावाला लेबल म्हणतात. फाईल सॉफ्टवेअरमधून स्प्रेडशीटमध्ये काढली की वरच्या ओळीत फक्त आखूड नावं येतात, लेबलं मागेच राहतात. माझं त्यावाचून काही अडलं नव्हतं. व्ही-सात म्हणजे घरातली एकूण माणसं, व्ही-आठ म्हणजे खोल्या, व्ही-बारा म्हणजे स्वयंपाकघरातला धूर. बायकोचा वाढदिवस मी विसरलोय, पण दोनशे चाळीस रकाने मला झोपेतही पाठ होते.

पाचव्या फेरीच्या वेळी नवीन मॅडम आल्या. हुशार, कामाला वाघ, आवाज मात्र मऊ. फाईल दुसऱ्या एका संस्थेकडे जायची होती. त्यांनी माझी शीट उघडली आणि कपाळाला हात लावला.

“अहो झाडलोट, तिकडच्या माणसाला व्ही-सात म्हणजे काय ते कसं कळायचं? स्वप्न पडणार का त्याला?”

“सोबत यादी देतो ना, मॅडम.”

“यादी हरवते. लेबलं वरच्या ओळीतच पाहिजेत. शुक्रवारपर्यंत.”

“दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो. आणि ते खरंच दोन मिनिटांचं होतं. एका चौकटीत टिचकी मारायची. सतरा वर्षांत मी ती कधी मारली नव्हती, एवढंच.

२

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी टिचकी मारली. शीट तयार झाली. लेबलं लांब असल्यामुळे एकमेकांत घुसली होती, म्हणून मी एकेक रकाना रुंद करत निघालो. उत्तर देणाऱ्याचं वय. शिक्षण. राहत्या जागेचा प्रकार. हात आपोआप चालत होता, डोळे अर्धवट मिटलेले.

सातव्या रकान्याशी हात थांबला.

‘घरातील एकूण माणसं, उभं असलेलं धरून.’

मी हसलो. कुणीतरी फिरकी घेतलीय असं वाटलं. पण कोण घेणार? ही फाईल बांधली ती मोठ्या सरांनी, आणि ते निवृत्त होऊन, आजारी पडून, जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर फाईलला हात फक्त माझाच. आणि मोठे सर चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. त्यांना हसताना मी एकदाच पाहिलंय, तेही दाताच्या डॉक्टरकडे.

सॉफ्टवेअरमध्ये परत गेलो. तिथे लेबलांचा रकाना अरुंद असतो, ‘घरातील एकूण माणसं’ एवढंच दिसतं. मी कड धरून ओढली. पुढचे शब्द तिथेच होते. म्हणजे ते इतकी वर्षं तिथेच होते आणि मी कधी कड ओढली नव्हती.

कपाटातून कोरा फॉर्म काढला. प्रश्न सातवा: घरातील एकूण माणसं किती? बस्स. पुढे काही नाही.

मी लेबलाचं शेपूट खोडलं, फाईल सेव्ह केली, पुन्हा शीट काढली. शेपूट होतं. पुन्हा खोडलं. पुन्हा होतं. तिसऱ्या वेळी मी शीटमध्येच हाताने ते शब्द पुसले आणि शीट मॅडमना पाठवून दिली. सॉफ्टवेअर जुनं झालंय, जुना मजकूर कुठेतरी अडकून बसला असेल, असं मनाला सांगितलं. मनाला पटलंही. माझं मन तसं समजूतदार आहे.

पण संध्याकाळी टेबल आवरताना एक शब्द डोक्यात टोचत राहिला. ‘असलेलं.’ पुरुष असता तर ‘असलेला’ झालं असतं, बाई असती तर ‘असलेली’. मोठे सर व्याकरणाला फार जपायचे.

३

शुक्रवारी मी जे केलं ते करायला नको होतं. मी व्ही-सातचा इतिहास काढला.

फॉर्ममध्ये घरातल्या माणसांची दोनदा नोंद होते. आधी एकूण आकडा. मग यादी: नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. दोन्ही जुळायला हवेत. नाही जुळले तर काय करायचं याचा नियम मीच लिहिलेला आहे, माझ्या अक्षरात भिंतीवर चिकटवलेला: यादी खरी धरावी, एकूण आकडा दुरुस्त करावा. यादीत नावं असतात, आकडा काय, घाईत चुकतो. साधी गोष्ट.

चौथ्या फेरीत एकोणीस घरांत आकडा जुळला नव्हता. सगळ्या एकोणीस घरांत एकूण आकडा यादीपेक्षा एकने जास्त होता. कुठेही कमी नाही, कुठेही दोनने जास्त नाही. मी सगळे एकोणीस आकडे एकने कमी केले होते. पाचाचे चार, सहाचे पाच.

मग पाचव्या फेरीत त्याच एकोणीस घरांत काय झालं ते पाहिलं.

एकोणीसच्या एकोणीस घरांत यादीतलं एक माणूस कमी झालं होतं.

आणि एकूण आकडा? एक घर सोडलं तर बाकी सगळीकडे मी केला होता तेवढाच. जिथे मी पाचाचे चार केले होते, तिथे आता चारच होता. यादीत नावं तीन.

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवर एक माणूस पाण्याची टाकी धूत होता. मी आकडा वाढवला नव्हता, कमी केला होता. मी म्हटलं चार, तर घर चारावर आलं. फक्त त्या चारांत कोण राहील हे मी सांगितलं नव्हतं.

योगायोग असू शकतो. तीन वर्षांत माणसं जातात. बाराशे चाळीस घरांत किती जातात, त्यातली नेमकी या एकोणीस घरांत जायची शक्यता किती, हे मी कागदावर मांडून पाहिलं. उत्तर आलं तेव्हा कागद चुरगळून टोपलीत टाकला, मग टोपलीतून काढून फाडला.

कमी होण्याचं कारण लिहायला एक वेगळा रकाना आहे. अठरा घरांत लिहिलं होतं: मृत्यू. एका घरात: घर सोडून गेला.

त्या अठरांतलं एक घर माझं होतं. पहिल्या फेरीपासूनच ते या बाराशे चाळीसांत आहे, घरं निवडण्यात माझा काही हात नव्हता. चौथ्या फेरीत यादीत तीन नावं होती: मी, बायको आणि माझी अक्का. अक्का म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं, माझं लग्न होऊन मार्गाला लागेपर्यंत स्वतःचा संसार मांडला नाही, आणि मग म्हणाली, आता काय मांडायचा. त्या फेरीत आमच्या घराचा एकूण आकडा होता चार. मी हसून तिथे तीन केले होते. फिरतीच्या बाईंना घरी नेऊन चिडवलंही होतं, आमच्याकडे पाहुणा ठेवून गेलात की काय म्हणून. अक्का पाच महिन्यांनी गेली. छातीत पाणी झालं होतं.

या फेरीत आमच्या यादीत दोन नावं होती. एकूण आकडा तीन होता. दोन आठवड्यांपूर्वी मी तो दुरुस्त केला होता.

४

फिरतीच्या बाई सोमवारी ऑफिसात आल्या. साठीच्या आहेत, काटक, चपलांच्या टाचा कायम एका बाजूने झिजलेल्या. बूट-चपला बदलतात, झीज तशीच. मी त्यांना जिन्यापाशी गाठलं.

“बाई, व्ही-सात... म्हणजे सातवा प्रश्न तुम्ही कसा भरता?”

“विचारून.”

“आमच्या घरी कोणी सांगितलं तीन म्हणून?”

“कुणीच नाही. विचारलं तुमच्या मिसेसना. त्या म्हणाल्या दोन.”

“मग तुम्ही तीन का लिहिलंत?”

त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “तीन होते म्हणून.”

“तिसरं कोण?”

“ते मला काय माहीत? यादी तुम्ही सांगता, ती मी उतरवते. पण मोजायचं तर मीच मोजते.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “प्रत्येक घरी नसतं. काही काही घरी. दार उघडलं की कळतं. बसलेली माणसं बोलतात, उठतात, पाणी आणतात. ते नुसतं उभं असतं.”

“तुम्ही बघितलंय?”

“नाही हो. मी बघत नाही. मोजते फक्त.”

“कुठे असतं? आमच्या घरी कुठे आहे?”

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझी दया आल्यासारखं काहीतरी आलं. “जिन्याखाली,” त्या म्हणाल्या. “वाकून. तिथे उंची कमी आहे ना.”

५

आमचं घर तळमजल्यावर, गच्चीला आतून जिना. जिन्याखाली चपलांचं रॅक, इस्त्रीचं टेबल आणि बायकोच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा. सतरा वर्षं रोज संध्याकाळी मी तिथे बूट काढतो.

त्या संध्याकाळी मी बूट दाराबाहेर काढले.

“आत आणा ना, मांजर नेईल,” बायको आतून म्हणाली.

“नेऊ दे.”

ती हात पुसत बाहेर आली. “बरं नाही का?”

उन्हं अजून होती. खिडकीतून आलेला पट्टा जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला होता. खाली नेहमीचा अंधार. मी कोचावर बसलो, पेपर उघडला आणि वाचल्यासारखं करत कान दिला. पंखा. शेजारचा टीव्ही. बायकोच्या बांगड्या. मग बराच वेळ काही नाही. मग जिन्याखाली फरशीवर काहीतरी घासलं, अगदी हलकं. खूप वेळ उभं राहिलेलं माणूस अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतं, तसं.

“ऐकलंस?”

“काय?”

“काही नाही.”

मला अक्काचं शेवटचं दुखणं आठवलं. तिची खाट आम्ही हॉलमध्ये आणली होती, जिन्याकडे तोंड करून, म्हणजे तिला येणारंजाणारं दिसावं. ती पडल्या पडल्या तिकडेच बघायची. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, “अरे, त्याला बस म्हणावं. किती वेळ झाला.” मी म्हणालो, “कोणाला, अक्का?” तर म्हणाली, “तुला काही माणुसकी आहे की नाही?” आणि तोंड फिरवून रडली. तापात बोलतेय असं समजून मी कपाळावर ओली घडी ठेवली. डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी गोळी वाढवून दिली.

“अहो, पेपर उलटा धरलाय तुम्ही,” बायको म्हणाली आणि हसली. ती छान हसते. तिला काय सांगू? मी एका चौकटीत दोन लिहून ठेवलंय, आणि त्या दोनांत आता तुझ्यामाझ्यापैकी एकच मावतं?

६

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. पाचव्या फेरीत आकडा न जुळणारी एकतीस घरं होती. जुनी अठरा आणि नवी तेरा. मी गठ्ठ्यांतून एकतीस फॉर्म काढले आणि बाईंनी लिहिलेले मूळ आकडे एकेक करून परत भरले. आमच्या घराच्या रकान्यात तीन टाकले. सेव्ह केलं. शीट काढली. लेबलासकट. या वेळी शेपूट पुसलं नाही. मॅडमना पाठवताना लिहिलं: आधीची फाईल रद्द समजावी.

अकरा वाजता त्यांनी बोलावलं.

“झाडलोट, हे काय? एकतीस घरांत यादी जुळत नाही. तुम्ही आधी जुळवलेलं होतं, मग परत बिघडवलंत?”

“मूळ आकडे तेच आहेत, मॅडम.”

“मूळ चुका म्हणा. आणि हे लेबल कसलं? उभं असलेलं... मी काढून टाकलं ते. टायपिंग करताना दुसरीकडचा मजकूर आला असणार.”

“मॅडम, ते आकडे तसेच जाऊ देत. माझ्या जबाबदारीवर.”

त्यांनी चष्मा काढला. “नियम तुमचाच आहे ना? भिंतीवर वाचला मी. फार आवडला मला. यादी खरी धरावी.” मग मऊ आवाजात म्हणाल्या, “हे बघा, खात्री करावी म्हणून मी तुमचंच घर बघितलं. तुम्ही दोघंच राहता ना घरात?”

नाही म्हटलं असतं तर तिसरं कोण ते सांगावं लागलं असतं.

“दोघंच,” मी म्हणालो.

“झालं तर. मी एकतीसही दुरुस्त केलेत. फाईल गेलीसुद्धा तिकडे. आता ती सीलबंद.” आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “दोन दिवस सुटी घ्या. चेहरा बघा तुमचा.”

७

सुटी घेतली, पण विश्रांतीसाठी नाही. माझ्या डोक्यात त्या अठरांवेगळ्या एका घराने ठाण मांडलं होतं. ‘घर सोडून गेला.’ त्या घरात कुणी मेलं नव्हतं. धाकटा भाऊ वेगळं राहायला गेला होता, आणि राहिलेली माणसं या फेरीत धडधाकट होती, आकडाही यादीशी जुळत होता. आकड्याला माणूस कमी हवा होता, मेलेलंच हवं असं नव्हतं. मला वाट सापडली होती.

बॅग भरताना बायको दारात उभी राहिली.

“फिरतीवर?”

“नाही. थोडे दिवस खोली घेऊन राहतो. ऑफिसजवळ.”

“का?”

या ‘का’ची उत्तरं मी रात्रभर जुळवली होती. मी कपाटातून आणखी दोन शर्ट काढले.

“दुसरी कोणी आहे?”

मला हसू आलं आणि तेच चुकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“दुसरी नाही गं. शप्पथ.”

“मग काय? माझं काही चुकलं? मूल नाही म्हणून? ते तर आपण केव्हाच...”

“नाही. तसं काहीच नाही.”

“थोडे दिवस म्हणजे किती? आकड्यात सांगा. तुम्हाला आकडेच तेवढे कळतात.”

मी बॅगेची चेन ओढली. ती अडकली. आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली, सवयीने, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला मदत करतोय. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

जिन्याजवळून जाताना मी खाली बघितलं नाही.

८

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, भिंतीतलं कपाट, आणि कपाट आणि दार यांच्या मधे हातभर मोकळी भिंत. पहिले चार दिवस मला शांत झोप लागली. बायको फोन उचलत नव्हती. पण ती आहे, हे रिंगवरून कळायचं. कारण ती कट करायची. तो कट झाल्याचा आवाज मला गोड वाटायचा.

नवव्या दिवशी तिने आपणहून फोन केला. राग ओसरला होता, थकवा राहिला होता.

“घर कसं आहे?” मी विचारलं.

“घराला काय होतंय? उलट मोकळं मोकळं वाटतंय. खरं सांगते, राग नका मानू. तुम्ही गेल्यापासून हॉलमध्ये हवा येतेय. काल मी जिन्याखालचं सगळं आवरलं, आता दुपारी तिथेच गादी टाकून वाचत पडते. इतकी गार जागा, कधी सुचलंच नाही.”

“तिथे काही... अडचण नाही ना वाटत?”

“छे. काही नाही आता तिथे.”

मी फोन ठेवला. सकाळचे दहा वाजले होते, खोलीत भरपूर उजेड होता. मी टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मागे, कपाट आणि दार यांच्या मधे, फरशीवर हलकंसं घासलं. या पायावरून त्या पायावर.

मी वळलो नाही. उठून, भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत जाऊन, तसाच ऑफिसात गेलो. घर सोडून गेलेल्या त्या धाकट्या भावाचा फॉर्म शोधला. वेगळं राहायला गेलेल्या माणसाला संस्था वेगळं घर धरते आणि महिन्याच्या आत नव्या पत्त्यावर भेट देते. चौथ्या फेरीनंतरची, नव्या पत्त्यावरची भेट: यादीत एक नाव, एकूण दोन. मी दोनाचा एक केला होता. माझीच आद्याक्षरं. पाचव्या फेरीची भेट: यादी रिकामी. शेरा, बाईंच्या अक्षरात: दार आतून बंद, हाक मारल्यावर उत्तर नाही, शेजारी म्हणतात आत वावर आहे.

एकूण माणसं: एक.

ती ओळ मीच पुसली होती. ज्या घराच्या यादीत कुणी नाही ते घर मोजायचं कशाला, म्हणून.

९

फिरतीच्या बाई आल्या त्या रविवारी सकाळी. पत्ता बदलल्याची नोंद त्यांच्याकडे गेली होती, मॅडमनी स्वतः पाठवली होती. आता झाडलोटीचं काम मॅडमच बघत होत्या. मी सुटी वाढवत चाललो होतो.

मी दार उघडलं. बाईंनी चपला बाहेर काढल्या, आत एक पाऊल टाकलं आणि माझ्या खांद्यावरून एकदाच मागे नजर टाकली. टाकली आणि लगेच फॉर्मवर आणली. मी त्यांना खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसलो. चहा विचारला. नको म्हणाल्या.

त्यांनी वय विचारलं. शिक्षण विचारलं. खोल्या किती, खिडक्या किती. मी उत्तरं देत गेलो. सातवा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पेन हलताना मला दिसलं.

“किती लिहिलंत?”

“जेवढे आहेत तेवढे.”

“मॅडम त्याचा एक करतील, बाई.”

“मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी लिहिते आणि तुम्ही खोडता. मी म्हटलं का कधी काही?” त्या रागाने बोलत नव्हत्या. “आता यादी सांगा.”

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, पुढे वय, पुढे ‘स्वतः’. मग पेनाचं टोपण लावायला निघाल्या.

“थांबा,” मी म्हणालो. “दुसरी ओळ.”

“काय?”

“यादी आणि आकडा जुळला तर कुणी हात लावणार नाही. नियमच आहे तसा. दुसऱ्या ओळीत त्याचं नाव लिहा. दोन आणि दोन. मग काही कमी करावं लागणार नाही.”

इतकी वर्षं हे बाईंनाही सुचलं नसावं, किंवा सुचलं असेल आणि कुणाच्या तरी तोंडून येण्याची वाट बघत असतील. त्यांनी टोपण परत काढलं, फॉर्म मांडीवर सरळ केला आणि पेन दुसऱ्या ओळीवर टेकवलं. खोलीत इतकी शांतता झाली की टेकलेल्या पेनाचा आवाज आला. माझ्या पाठीमागचं पाय बदलणंही थांबलं होतं.

“नाव?” बाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

“नाव कोरं ठेवलं तर ओळ धरत नाहीत हो. वय एक वेळ अंदाजे चालतं. नाव पाहिजे, आणि तुमच्याशी नातं.”

“तुम्ही विचारा ना,” मी म्हणालो. माझा आवाज लहान मुलासारखा आला.

“मी नाही बघत.” त्यांनी डोळे फॉर्मवरून उचलले नाहीत. “घर तुमचं आहे. तुम्हीच विचारा.”

खिडकीतून ऊन आत आलं होतं. माझी सावली समोरच्या फरशीवर पडली होती, आणि तिच्या शेजारी दुसरी होती. भिंतीपाशी उभं राहिलेल्याची इतकी पुढे पडली नसती. ते भिंतीपाशी राहिलं नव्हतं. वाकलं होतं, मी काय सांगतो ते ऐकायला.

बाईंचं पेन वाट बघत होतं. मी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली आणि विचारायला मान वळवली.